मोरचूद : ओळख, धोके आणि हाताळणी

मोरचूद हा पदार्थ महाराष्ट्रातील बागायतदाराला नवा नाही. नाशिक व सांगलीकडील द्राक्षबागांत केवडा रोगासाठी, विदर्भातील संत्राबागांत डिंक्या रोगासाठी, कोकणात व गोव्यात सुपारीच्या कोळेरोगासाठी मोरचूद आणि चुना ह्यांपासून केलेले बोर्डो मिश्रण किंवा बोर्डो मलम पिढ्यान्‌पिढ्या वापरले जात आहे. पावसाळा तोंडावर आला की अशा प्रत्येक बागायतदाराच्या घरी मोरचुदाची पिशवी येते आणि बहुधा पडवीत किंवा माजघराच्या कोपऱ्यात ठेवली जाते.

ह्या दीर्घ परिचयामुळेच मोरचुदाचा धाक उरलेला नाही. नव्या कीटकनाशकाची बाटली उघडताना शेतकरी आज सावध असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हापासून ही सावधगिरी वाढली आहे. मोरचुदाच्या बाबतीत मात्र ‘हे तर जुने औषध’, ‘हे सेंद्रिय शेतीतही चालते’ असे म्हणून ते उघड्या हातांनी फोडले, कुटले आणि कालवले जाते. हा समज घातक आहे. चुन्याशी योग्य प्रमाणात मिळून पानावर वाळलेले मोरचूद सौम्य असते, हे खरे. परंतु पिशवीतील खडा, कुटलेली भुकटी आणि बादलीतील निळे द्रावण ही तिन्ही तीव्र विषे आहेत. म्हणून मोरचुदाच्या बाबतीत केवळ फवारणीच्या वेळी काळजी घेणे पुरेसे नाही. फवारणीपूर्वी वजन करताना, कुटताना व विरघळविताना, आणि फवारणीनंतर भांडी धुताना व उरलेला माल ठेवताना अधिक काळजी घ्यावयास पाहिजे.

मोरचूद म्हणजे काय

तांबे आणि गंधकाम्ल ह्यांच्या संयोगाने होणारा हा क्षार होय. रसायनशास्त्रात त्यास कॉपर सल्फेट म्हणतात, आणि शाळांच्या प्रयोगशाळेतही तो ह्याच रूपात आढळतो. त्याचे निळे, चमकदार खडे असतात. त्या खड्यांत पाण्याचा अंश मिसळलेला असतो व तांब्याचे प्रमाण सुमारे पाव हिस्सा असते. म्हणजे एक किलो मोरचुदात साधारण पाव किलो तांबे असते. खडा तापविला तर त्यातील पाणी निघून जाते आणि पांढरी भुकटी उरते. ह्या भुकटीवर पाण्याचा थेंब पडताच ती पुन्हा निळी होते व गरम होते. कोरड्या, उष्ण हवेत उघडे पडलेल्या खड्यांवरही कालांतराने पांढरट पूड धरते. अशी पूड दिसली म्हणून मोरचूद निकामी झाले असे समजू नये आणि ती पूड निरुपद्रवी आहे असेही मानू नये.

मोरचुदाचे द्रावण आम्लधर्मी असते व ते लोखंड खाते. द्रावणात लोखंडी खिळा बुडविला तर थोड्याच वेळात त्यावर तांबूस थर चढतो. लोखंड द्रावणात उतरते आणि त्याच्या जागी तांबे बसते. म्हणून मोरचूद कधीही लोखंडी, पत्र्याच्या किंवा जस्ताच्या भांड्यात विरघळवू नये. त्यासाठी प्लॅस्टिकचे, मातीचे किंवा लाकडी भांडे घ्यावे. जो पदार्थ लोखंडाला गिळतो, तो डोळ्याच्या बुबुळाचे काय करील, ह्याची कल्पना ह्यावरून करावी.

मोरचूद विषारी आहे ही जाणीव बोर्डो मिश्रणाच्या जन्मकथेतच आहे. फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळच्या मेडॉक भागात रस्त्याच्या कडेच्या द्राक्षवेलींवर बागाईतदार मोरचूद व चुना शिंपडीत. वेली विषारी दिसाव्यात आणि वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत, हा त्यातील हेतू होता. १८८२ साली बोर्डो विद्यापीठातील प्राध्यापक मिलार्दे ह्यांच्या असे लक्षात आले की, केवडा रोगाने इतर वेलींची पाने गळाली असताना ह्या शिंपडलेल्या वेलींची पाने मात्र टिकून आहेत. त्यानंतर प्रयोग करून त्यांनी १८८५ साली हे मिश्रण प्रसिद्ध केले. थोडक्यात, चोराला भीती वाटावी म्हणून जे वेलीवर शिंपडले गेले, त्याचीच भीती आज मालकाला वाटेनाशी झाली आहे.

शरीरावर होणारे परिणाम

मोरचूद चार वाटांनी अपाय करते.

पहिली वाट डोळ्यांची. खडे फोडताना उडालेला कण किंवा ओतताना उडालेला शिंतोडा डोळ्यात गेल्यास तीव्र जळजळ होते. वेळीच डोळा धुतला नाही तर बुबुळास कायमची इजा होऊ शकते.

दुसरी वाट त्वचेची. कोरड्या हाताला खड्याने विशेष काही होत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. परंतु घाम आला की भुकटी विरघळते, कातडी चुरचुरते, आणि जेथे खरचटलेले असेल तेथे जखम चिघळते. वारंवार संपर्क आल्यास काहींना इसबासारखा विकार जडतो.

तिसरी वाट श्वासाची. भुकटीने नाक व घसा चुरचुरतो, शिंका व खोकला येतो. फवारणीचे बारीक तुषार वर्षानुवर्षे छातीत जात राहिले तर त्याचे परिणाम गंभीर होतात. पोर्तुगालमध्ये द्राक्षमळ्यांत बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या मजुरांना फुप्फुसाचा एक विशिष्ट रोग जडत असल्याचे तेथील डॉक्टरांनी १९६९ साली प्रथम दाखवून दिले. त्या मजुरांच्या फुप्फुसांत तांबे साचलेले आढळले. एका दिवसाच्या फवारणीने हा रोग होत नाही. तथापि जो मजूर हंगामभर एका बागेतून दुसऱ्या बागेत फवारणीच करीत असतो, त्याने हे ध्यानात ठेवावयास पाहिजे.

चौथी आणि सर्वांत घातक वाट पोटाची. मोरचूद पोटात गेल्यास तोंडाला धातूची चव येते, छातीत व पोटात आग होते, निळसर-हिरव्या ओकाऱ्या होतात आणि जुलाब सुरू होतात. पूर्वीच्या काळी डॉक्टर ओकारी करविण्यासाठी मोरचूद देत असत. त्यापासून होणारा अपाय ध्यानात आल्यावर हा उपाय वैद्यकाने टाकून दिला. येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. ओकारी झाली म्हणजे विष बाहेर पडले, असे मुळीच नाही. रोग्यास थोडे बरे वाटू लागते आणि एक-दोन दिवसांनी लघवी गडद तांबडी किंवा काळसर होते, डोळे पिवळे दिसू लागतात. रक्तातील तांबड्या पेशी फुटल्याची आणि यकृत व मूत्रपिंड बिघडल्याची ही चिन्हे होत. तोवर घरी थांबलेला रोगी हाती लागेलच असे सांगता येत नाही.

चुन्याकडे दुर्लक्ष नको

बोर्डो मिश्रणातील दुसरा घटक कळीचा चुना. तोही निरुपद्रवी नाही. कळीच्या चुन्यावर पाणी पडताच प्रचंड उष्णता निर्माण होते, पाणी उकळू लागते आणि चुना उसळतो. म्हणून चुना विझविताना रुंद तोंडाचे भांडे घ्यावे, भांड्यावर वाकू नये आणि पाणी एकदम न ओतता थोडे थोडे शिंपडावे. झाकणाच्या डब्यात किंवा बाटलीत चुना कधीही विझवू नये, वाफेच्या जोराने भांडे फुटते. चुन्याचा कण डोळ्यात गेल्यास होणारी इजा मोरचुदाहूनही वाईट असते. हे काम चालू असता मुलांना जवळ येऊ देऊ नये.

चुना ताजा व खडेदार घ्यावा. हवेत उघडा राहून ज्याची आपोआप पीठी झाली आहे तो चुना निकामी असतो. त्याने मोरचुदाचे तेज शमत नाही.

मिश्रण तयार करण्याची सुरक्षित रीत

एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी, हे सर्वसाधारण प्रमाण होय. चुन्याच्या शुद्धतेनुसार तो कमी-अधिक लागतो, आणि ते पुढे सांगितलेल्या चाचणीवरून ठरवावे.

मोरचूद कुटण्याची रीत शक्यतो सोडून द्यावी. कुटताना उडणारी भुकटी हीच डोळ्यांना व श्वासाला सर्वांत अपायकारक असते. त्याऐवजी खडे विरळ कापडाच्या पुरचुंडीत बांधावेत आणि पन्नास लिटर पाण्याच्या भांड्यात पृष्ठभागाशी बुडतील असे रात्रभर टांगून ठेवावेत. विरघळलेले मोरचूद जड असल्याने खाली उतरते आणि खड्यांना सतत ताजे पाणी मिळते. सकाळपर्यंत सर्व माल आपोआप विरघळतो. भुकटी उडत नाही आणि श्रमही वाचतात. हे भांडे रात्री झाकून ठेवावे, म्हणजे गुरे किंवा कुत्री त्यात तोंड घालणार नाहीत.

दुसऱ्या भांड्यात चुना विझवून, थंड झाल्यावर पन्नास लिटर पाण्यात त्याची निवळी न करता दुधासारखे द्रावण करावे आणि कापडातून गाळून घ्यावे. नंतर मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या द्रावणात हळूहळू ओतावे व लाकडी काठीने सतत ढवळावे. चुन्याचे द्रावण मोरचुदात ओतू नये. दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतली तरी चालते. ओतताना भांडे छातीच्या उंचीवर न धरता कमरेखाली धरावे, म्हणजे शिंतोडे तोंडावर उडणार नाहीत.

मिश्रण झाल्यावर चाचणी घ्यावी. स्वच्छ घासलेले लोखंडी पाते, विळा किंवा चाकू, मिश्रणात मिनिटभर धरावे. त्यावर तांबूस थर चढला तर मिश्रणात मोकळे तांबे उरले आहे असे समजावे आणि थर चढेनासा होईपर्यंत चुन्याचे द्रावण थोडे थोडे वाढवावे. ही चाचणी केवळ पिकासाठी नाही. मोकळे तांबे पाने करपविते, पंप खाते आणि फवारणाऱ्याच्या अंगावर पडल्यास त्वचाही चुरचुरविते. तयार मिश्रण त्याच दिवशी वापरून संपवावे.

ह्या सर्व कामांत रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, नाकातोंडावर मुखपट्टी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा आवश्यक समजावा. चष्मा फवारणीपेक्षा मिश्रण करताना अधिक उपयोगी पडतो. फवारणी वाऱ्याच्या दिशेने, सकाळी किंवा सायंकाळी करावी. सुपारीसारख्या उंच झाडावर फवारताना तुषार खाली गळतात, म्हणून खाली उभे राहणाऱ्यानेही डोके व डोळे झाकावेत.

एक सवय आवर्जून मोडावयास पाहिजे. फवारणीच्या मध्यंतरात मजूर बांधावर बसतो, तळहातावर तंबाखू घेतो आणि चुना लावून अंगठ्याने मळतो. त्या वेळी अंगठ्याला मोरचूद लागलेले असेल तर तेही तंबाखूबरोबर ओठाखाली जाते. म्हणून तंबाखू, विडी, चहा, भाकरी ह्यांपैकी काहीही घेण्यापूर्वी साबणाने हात व तोंड धुवावे. त्यासाठी मालकाने बांधावर स्वच्छ पाण्याचा हंडा व साबण ठेवावा. ह्याच हंड्याचा उपयोग डोळा धुण्यासाठीही होतो.

साठवण : खरा धोका घरात

मोरचूद दिसावयास मोहक असते. त्याचे खडे निळ्या खडीसाखरेसारखे दिसतात आणि भुकटी कपड्याच्या निळीसारखी दिसते. लहान मूल खडा तोंडात घालते, घाईत असलेली गृहिणी निळीच्या डबीत चुकून भुकटी भरते. असे अपघात अज्ञानाने होत नाहीत. विष आणि अन्न एकाच छपराखाली, एकाच फळीवर ठेवल्याने होतात. १९५८ साली केरळात जहाजातून आलेल्या पिठात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळले जाऊन शंभरावर माणसे मृत्युमुखी पडली. पुढे १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा झाला, त्याच्या मुळाशी ही दुर्घटना होती. तेथील विष वेगळे होते, परंतु चूक हीच होती.

म्हणून मोरचूद मूळ पिशवीतच, तिच्यावरील लेबलासह ठेवावे. सुट्या मालासाठी लेबल नसलेली बरणी, दुधाची बाटली किंवा मिठाईचा डबा कधीही वापरू नये. पिशवी घट्ट बांधून कुलपाच्या पेटीत, मुलांच्या हाती न लागेल अशा उंच व कोरड्या जागी, धान्य, पशुखाद्य आणि स्वयंपाकघर ह्यांपासून दूर ठेवावी. शक्य तो हंगामापुरताच माल घ्यावा. रिकाम्या पिशवीत धान्य किंवा पेंड भरू नये. मिश्रणाची बादली व काठी वेगळी ठेवावी आणि त्यावर खूण करावी, म्हणजे ती गोठ्यात किंवा आडावर जाणार नाही.

जनावरे, पाणी आणि जमीन

सर्व पाळीव जनावरांत मेंढी तांब्याला सर्वांत नाजूक आहे. गाय किंवा बैल जेवढे तांबे सहन करतात, तेवढ्याने मेंढी दगावते. मेंढीचे यकृत तांबे साठवीत राहते, परंतु ते पुरेसे बाहेर टाकू शकत नाही. आठवडेच्या आठवडे बाहेरून काहीही दिसत नाही. पुढे एखाद्या दिवशी, लांबची वाटचाल, उपासमार किंवा हवेतील बदल ह्यांच्या ताणाने ते तांबे एकदम रक्तात उतरते, डोळे पिवळे होतात, लघवी तांबडी होते आणि मेंढी दोन-चार दिवसांत मरते. धनगराला कारण कळत नाही, कारण फवारणी कधीच विसरली गेलेली असते. ह्यासाठी खताकरिता मेंढ्या बसविणाऱ्या बागायतदाराने फवारलेल्या बागेतील गवत मेंढ्यांना चरू देऊ नये, आणि बागेत मोरचूद वापरले असल्याचे धनगराला आधी सांगावे. हे सांगणे त्याचे कर्तव्य समजावे.

मोरचूद माशांना व पाण्यातील लहान जिवांना अत्यंत विषारी आहे. पंप व भांडी ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीच्या काठी धुऊ नयेत. धुतलेले पाणी बागेतच, विहिरीपासून दूर, पसरून टाकावे.

जमिनीचाही विचार करावयास पाहिजे. तांबे कुजत नाही, उडून जात नाही. ते वरच्या थरात साठत राहते. हिशेब सोपा आहे. हेक्टरी एक हजार लिटर एक टक्का मिश्रण फवारले तर दहा किलो मोरचूद लागते व त्यातून सुमारे अडीच किलो तांबे बागेत जाते. दोन फवारण्यांत हे पाच किलो होते. युरोपीय संघाने २०१८ साली हेक्टरी सात वर्षांत अठ्ठावीस किलो, म्हणजे वर्षाला सरासरी चार किलो तांब्याची मर्यादा घातली, ती ह्याच कारणासाठी. तेव्हा रोगाचा अंदाज घेऊन, आवश्यक तेवढ्याच फवारण्या कराव्यात.

अपघात झाल्यास

डोळ्यात गेल्यास : पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्याच्या धारेने निदान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि नंतर डॉक्टरकडे न्यावे. डोळा चोळू नये व त्यात तूप, दूध, मध घालू नये.

अंगावर पडल्यास : कपडे काढून त्वचा भरपूर पाण्याने धुवावी. कोरडा चुना असल्यास तो आधी कोरड्या फडक्याने झटकावा व मगच पाणी घ्यावे.

श्वासात गेल्यास : माणसास मोकळ्या हवेत न्यावे. खोकला किंवा धाप थांबत नसेल तर डॉक्टरकडे न्यावे.

पोटात गेल्यास : तोंड पाण्याने खळबळून टाकण्यास सांगावे. मिठाचे पाणी देऊन किंवा घशात बोट घालून ओकारी करवू नये. त्याने अन्ननलिका पुन्हा भाजते आणि ओकारी श्वासनलिकेत जाण्याचा संभव असतो. घरगुती उपाय करीत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालयात न्यावे, आणि मोरचुदाची पिशवी लेबलासह बरोबर न्यावी. बरे वाटले तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घरी परतू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

बोर्डो मिश्रणाचे प्रात्यक्षिक गावोगावी दाखविले जाते. त्यात बहुधा प्रमाण शिकविले जाते, परंतु हाताळणी शिकविली जात नाही. प्रात्यक्षिक दाखविणारा कार्यकर्ताच उघड्या हाताने मिश्रण ढवळीत असेल तर त्याने दिलेला उपदेश कोणी मानीत नाही. म्हणून त्याने स्वतः हातमोजे व चष्मा घालूनच मिश्रण करावे. लोखंडी खिळ्याचा प्रयोग सर्वांसमोर करून दाखवावा, कारण दहा वाक्यांनी जे पटत नाही ते तांबूस झालेल्या खिळ्याने पटते. प्रात्यक्षिकास फवारणारे मजूर व घरातील स्त्रिया ह्यांना आवर्जून बोलवावे. मोरचूद बागेत मजुराच्या हाती असते आणि घरात गृहिणीच्या डोळ्यांसमोर असते. बैठकीला मात्र पुष्कळदा केवळ मालकच येतो.

गावातून निघण्यापूर्वी त्याने दोन-चार घरांत जाऊन एकच प्रश्न विचारावा : ‘मोरचुदाची पिशवी कोठे ठेवली आहे?’ ती जर माजघरात, पिठाच्या डब्याशेजारी किंवा मुलांच्या हाताशी आढळली, तर तिची जागा बदलून झाल्यावरच पुढचे घर गाठावे.